म्हातारा, शेख, सीनियर

एसटीत तिकीट मागायची आता एक वेगळीच भाषा झाली आहे. शहापूरहून किन्हवलीला किंवा मुरबाडला जाणाऱ्या गाडीत बसलात तर जरा कान देऊन ऐका. "एक सीनियर, दोन लेडीज, एक फुल." 'सीनियर सिटिझन'मधला सिटिझन केव्हाच गळून पडला, उरला तो नुसता सीनियर. ज्या बायकांच्या तोंडी एरवी इंग्रजी शब्द येत नाही, त्याही डोक्यावरचा पदर सारखा करत ठसक्यात सांगतात, "मी शिनेर." पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचं नाव तर आणखी गोड आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने त्यांचा एसटी प्रवास मोफत केला आणि योजनेला 'अमृत ज्येष्ठ नागरिक' म्हटलं. पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, पुढे अमृत. परवा एका कंडक्टरने मागच्या सीटवरच्या आजोबांना विचारलं, "बाबा, सीनियर का अमृत?" आजोबा म्हणाले, "अमृतला अजून दोन वर्षं हायत."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शब्दांवरच पोट आहे म्हणा ना. त्यामुळे असा एखादा शब्द कानावर पडला की तो दिवसभर पाठ सोडत नाही. आणि हा शब्द तर त्याच आठवड्यात वर्गातही भेटला. आठवीच्या मुलांना मराठीत 'माझी दादी' असा निबंध दिला होता. एका मुलीने पहिलंच वाक्य लिहिलं, "माझी दादी सीनियर सिटिझन आहे." मी तिला जवळ बोलावून विचारलं, "अगं, माझी दादी म्हातारी आहे, असं सरळ का नाही लिहिलंस?" ती दचकली. म्हणाली, "टीचर, म्हातारी म्हणजे शिवी ना?" तिच्या मागच्या दोन बाकांनीही माना डोलावल्या.

म्हातारी ही शिवी! मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कारण या शब्दाची जन्मकुंडली मुळात मोठ्या घरची आहे. म्हातारा आला संस्कृतातल्या 'महत्तर' या शब्दावरून. महत्तर म्हणजे अधिक मोठा. गावात ज्याच्या शब्दाला वजन असेल, तंटा ज्याच्यासमोर मिटेल, तो महत्तर. आपल्या ठाणे-रायगडात गावोगावी आढळणारं म्हात्रे हे आडनावही त्याच मुळाचं. म्हणजे खुर्चीवर बसलेले म्हात्रेसाहेब आणि पडवीच्या कोपऱ्यात बसवलेला म्हातारा हे शब्दाच्या नात्याने सख्खे भाऊ. एकाची बढती झाली, दुसऱ्याला घरी बसवलं.

'थेरडा' हा तर त्याहून कडवट शब्द. भांडणातच ऐकू येतो. त्याचंही मूळ पाहा. संस्कृतात स्थविर, पालीत थेर. बौद्ध संघातले ज्येष्ठ भिक्खू ते थेर, ज्येष्ठ भिक्खुणी त्या थेरी. श्रीलंकेपासून थायलंडपर्यंतचा बौद्ध धर्म आजही स्वतःला थेरवाद म्हणवतो, म्हणजे थोरांची परंपरा. आपण त्या थेराला मागे 'डा' लावला आणि सासू-सासऱ्यांच्या अंगावर फेकला.

मराठीची ही गत, मग आपल्याकडची? आमच्या हजेरीपटावर शेख इतके आहेत की नुसतं 'शेख' म्हटलं तर पाच-सहा जण उभे राहतात. मी एकदा त्या सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "अरबीत शेख म्हणजे म्हातारा माणूस." वर्गात हशा झाला. चौदा वर्षांचे सहा म्हातारे! पण ते खरंच आहे. कुरआनात मदयनच्या विहिरीवर हजरत मूसांना दोन मुली भेटतात, त्या आपल्या वडिलांचं वय सांगताना हाच शब्द वापरतात. ज्याचे केस पांढरे झाले तो शेख, म्हणून टोळीचा प्रमुख शेख, म्हणून आलिम शेख, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आडनाव शेख. 'पीर'चंही तेच. फारसीत पीर म्हणजे म्हातारा. उर्दूत म्हातारपणाला आजही पीरी म्हणतात, पण मुलांना पीर म्हटलं की मलंगगड आठवतो, हाजी मलंग आठवतात, उरूस आठवतो. पांढऱ्या दाढीचा थकलेला माणूस कुणाला आठवत नाही. आणि 'बुजुर्ग'? फारसीत त्याचा साधा अर्थ मोठा.

यात एक शब्द मात्र असा आहे की तो आठवला की हसू येत नाही. फारसीत 'मेहतर' म्हणजेही अधिक मोठा, सरदार. चित्रालचे राजे स्वतःला मेहतर म्हणवत. आपल्या शहरांत तो शब्द कोणाला दिला गेला, कोणाच्या डोक्यावर मैल्याची पाटी ठेवून त्याला मेहतर म्हटलं गेलं, हे सांगायला नको. मोठं नाव दिल्याने कोणी मोठा होत नाही, हे यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या उदाहरणातून दिसणार नाही.

आता ज्याच्यासाठी आम्ही म्हातारीला घराबाहेर काढलं, तो सीनियर कोण आहे? लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा आणि 'सीनियर' म्हणजे त्याहून म्हातारा. संपलं. रोमची सेनेट म्हणजे म्हाताऱ्यांची सभा. आपण शाळेत ज्याला 'सर' म्हणतो तो शब्दही फ्रेंचमधून फिरत फिरत याच सीनियरमधून आला आहे. आमच्या स्टाफरूममधल्या तिशीतल्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चहा थांबला. मुलं दिवसातून शंभरदा त्यांना म्हातारबा म्हणून हाक मारतात आणि ते 'काय रे' म्हणतात!

थोडक्यात, महत्तर, शेख, बुजुर्ग, सीनियर हे सगळे एकाच मापाचे शब्द. कोणीही सुरुवातीला अपमान करायला निघालं नव्हतं. शब्द खराब झाले ते नंतर, वापरून वापरून. इंग्रजीनेही हेच भोगलं आहे. ओल्ड नको म्हणून एजेड, एजेड नको म्हणून एल्डरली, तेही नको म्हणून १९३० च्या दशकात अमेरिकेत पेन्शनचं राजकारण तापलं तेव्हा सीनियर सिटिझन आला. आता तिकडची वैद्यकीय नियतकालिकं सांगतात, एल्डरलीही लिहू नका, 'ओल्डर अ‍ॅडल्ट' लिहा. आपली मराठी वर्तमानपत्रं अजून तिथवर गेलेली नाहीत. साठ वर्षांच्या बाईची पोत चोरीला गेली की बातमीत ती 'वृद्धा' होते. ती बिचारी त्या दिवशी भाजी आणायला दोन किलोमीटर चालत गेलेली असते.

बरं, या सीनियरचं वय तरी नक्की आहे का? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा साठी धरतो. एसटी पासष्ट. आयकर खातं साठीला सीनियर आणि ऐंशीला 'सुपर सीनियर' म्हणतं. रेल्वे पूर्वी पुरुषाला साठीला आणि बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षीच तिकिटात सवलत द्यायची, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. म्हणजे एकच माणूस एकाच दिवशी बँकेत म्हातारा आणि एसटीत तरुण. दवाखान्यातलं माप तर निराळंच. आमच्या एक सहकारी बाई छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा गरोदर राहिल्या. त्यांच्या केसपेपरवर लिहून आलं, 'एल्डरली प्रायमी'. पस्तिशीनंतर पहिलं बाळंतपण असलं की डॉक्टरी भाषेत बाई एल्डरली. बाईंनी तो कागद स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "आता मला सीट द्या."

यात साठीचा आकडा मला विशेष खटकतो. मराठीत म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. उर्दूत तर साठवरून क्रियापदच आहे, सठियाना, म्हणजे डोकं फिरल्यासारखं वागणं. जिथून टिंगल सुरू होते, नेमकी तिथूनच सवलत सुरू होते. हा निव्वळ योगायोग असेलही. पण काउंटरवर आधार कार्ड पुढे करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडा आनंद आणि थोडी शरम का असते, ते त्यावरून कळतं.

आणि आधार कार्डाचं तर वेगळंच प्रकरण आहे. आमच्या पिढीच्या आई-वडिलांपैकी कितीतरी जण १ जूनला जन्मले आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांच्या कार्डावर नुसतं साल असतं, तेही कोणीतरी अंदाजाने टाकलेलं. आमच्याकडे वाडीवरून रानभाजी घेऊन एक बाई येते. तिच्या कार्डावर साल आहे १९६४. ती स्वतः सांगते की भातसा धरणाचं काम जोरात चालू होतं तेव्हा ती तिथे मातीच्या पाट्या टाकायला जायची आणि थोरला तिच्या कडेवर होता. धरण पूर्ण झालं १९८३ ला, काम त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासूनचं. हिशेब तुम्हीच करा. तिला श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये हवे आहेत, त्याला पासष्ट पूर्ण लागतात. ती म्हणाली, "बाय, मी डोकरी झाली, पण कागद डोकरा नाय झाला." मला वाटतं या विषयावर इतकं नेमकं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही.

श्रावणबाळ या नावाचंही मला कुतूहल वाटतं. योजना म्हाताऱ्यांची, नाव मात्र मुलाचं. आंधळ्या आई-वडिलांना कावडीत बसवून नेणाऱ्या श्रावणाचं. ज्याचा श्रावण भिवंडीच्या गोदामात बारा तास उभा असतो, किंवा घर सोडून गेलेला असतो, त्याच्यासाठी सरकार दीड हजार रुपयांचा श्रावण होतं. नाव सुंदर आहे, पण वर्षाला एकवीस हजारांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला या श्रावणाला आधी दाखवावा लागतो.

इथपर्यंत सगळं गमतीगमतीत चाललं होतं. पण हा विषय माझ्या डोक्यात बसला तो वेगळ्याच शब्दाने. तो सीनियरचाच भाऊ आहे, त्याच लॅटिन मुळाचा, आणि तो कागदावर लिहिला जातो.

माझे अब्बा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भातगिरणी चालवली. कोणाचं किती भात आलं, किती तांदूळ गेला, तूस किती, कोंडा किती, सगळं तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात ते हळूहळू मंदावले. दुपारी झोपायचे ते मगरिबला उठायचे. बोलताना शब्द शोधायचे. फजरची नमाज पढली की नाही, हे अम्मीला विचारायचे. आवाज घोगरा झाला. मे महिन्यात, आसनगावच्या उकाड्यात, स्वेटर घालून बसायचे. इथल्याच एका दवाखान्यात नेलं. त्यांनी डोक्याचा स्कॅन करून आणायला सांगितला. रिपोर्ट आला, 'एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रोफी'. वयामुळे मेंदू थोडा आक्रसला आहे. खाली पेनने लिहिलं होतं, 'सेनाइल चेंजेस'. डॉक्टर म्हणाले, "वय आहे. आता असंच चालायचं. काळजी घ्या."

अम्मीने मान्य केलं नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली, रिपोर्टातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. तिने फक्त विचारलं, "वय तर माझंही झालंय. मी यांच्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान. आणि गेल्या बकरी ईदेला हेच सगळ्या मोहल्ल्याचा हिशेब तोंडी करत होते, तेव्हा यांचं वय कुठे गेलं होतं?" डॉक्टर हसले. आम्ही घरी आलो. अम्मी दोन दिवस कोणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कल्याणला न्या."

कल्याणच्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि अब्बांना बोलतं केलं. त्यांचा चेहरा पाहिला, आवाज ऐकला, स्वेटर पाहिला, बद्धकोष्ठाचं विचारलं. मग रक्ताची एक तपासणी सांगितली. थायरॉइड. अगदी साधी, कुठेही होणारी तपासणी. ती ग्रंथी काम करेनाशी झाली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू झाली. तीन-चार महिन्यांत अब्बा पुन्हा वर्तमानपत्रावर वाद घालू लागले. पूर्वीसारखे शंभर टक्के झाले असं म्हणणार नाही, पण पावसाळ्याआधी कौलं कोणी चाळली आणि त्याने किती पैसे जास्त घेतले, हे त्यांनीच मला सांगितलं.

आता हे नीट लक्षात घ्या. त्या रिपोर्टातला शब्द खोटा नव्हता. वयाप्रमाणे मेंदू आक्रसतोच. थायरॉइड मंदावल्याची लक्षणंही अशीच असतात, झोप, थंडी, विसर, मंदपणा, आणि ती हुबेहूब म्हातारपणासारखी दिसतात. शब्द खोटं बोलला नाही. त्याने फक्त पुढचा प्रश्न विचारू दिला नाही. 'सेनाइल' लिहिलं की फाइल बंद.

मग मी या शब्दांच्या मागे लागले, तेव्हा कळलं की ही तक्रार जुनी आहे आणि डॉक्टरांनीच केलेली आहे. इग्नाझ नॅशर नावाचे न्यूयॉर्कचे एक डॉक्टर होते. ते विद्यार्थी असताना अनाथालयासारख्या ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईने काही तक्रार सांगितली. शिकवणारे म्हणाले, तिचा आजार म्हणजे म्हातारपण, त्याला काही करता येत नाही. नॅशर यांना ते पटलं नाही. लहान मुलांच्या वैद्यकाला जसं पीडियाट्रिक्स, तसं म्हाताऱ्यांच्या वैद्यकाला त्यांनी १९०९ मध्ये नाव दिलं, जेरियाट्रिक्स. म्हणजे हा शब्द जन्माला आला तोच 'वय आहे, चालायचंच' या उत्तराविरुद्ध. पुढे इंग्लंडमध्ये १९३५ साली मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंच्या ताब्यात गरिबांसाठीचं एक जुनं रुग्णालय आलं. सातशेहून जास्त खाटा, बहुतेकांवर वर्षानुवर्षं पडून असलेले म्हातारे. बाईंनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं, आणि कितीतरी जणांना घरी पाठवलं. आपल्याकडे मद्रासमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये असा वेगळा विभाग सुरू केला. आणि आज इंग्रजीत 'जेरियाट्रिक' म्हणजे काय? एखाद्या खटारा माणसाची टिंगल करायची तर म्हणतात तो शब्द. इतक्या चांगल्या कामासाठी घडवलेला शब्द, तोही थेरड्याच्या रांगेत जाऊन बसला.

अल्झायमरचं तर याहून मोठं उदाहरण. १९०६ मध्ये अलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्णाविषयी सांगितलं ती बाई पंचावन्नाव्या वर्षी वारली होती. तरुण वयात असं झालं म्हणून तो 'आजार' ठरला. पुढे जवळजवळ सत्तर वर्षं वैद्यकात एक विचित्र वाटणी चालू राहिली. पन्नाशीतला माणूस सगळं विसरायला लागला तर अल्झायमर, आणि पंचाहत्तरीचा विसरायला लागला तर सेनाइल, म्हणजे वयाचं. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन डॉक्टरने ठासून लिहिलं की हे दोन वेगळे नाहीत, आजार तोच आहे. त्यानंतर तिकडे संशोधनाला पैसा आणि वेग आला. मधल्या सत्तर वर्षांत किती घरांत 'आता त्यांचं वय झालं' म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं गेलं असेल?

हे वाचून कोणी म्हणेल, मग म्हातारपण असं काही नसतंच का, सगळं थायरॉइडच? तसं नाही. इंग्रजीत जे 'सेव्हन्टी इयर्स यंग' आणि 'गोल्डन इयर्स' लिहितात, त्याचीही मला चीड येते. बँकेच्या जाहिरातीत पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्रकिनारी सायकल चालवत असतं. आमच्या धर्मग्रंथात एवढी साखर नाही. एकीकडे ताकीद आहे की आई-बाप म्हातारे झाले तर त्यांना 'उफ' देखील म्हणू नका. दुसरीकडे त्याच कुरआनात वयाची ती निकृष्ट अवस्थाही सांगितली आहे, जिथे सगळं जाणून झाल्यावर माणसाला काहीच कळेनासं होतं. तिच्यापासून पनाह मागायची दुवा तर आम्ही लहानपणापासून ऐकतो. म्हणजे म्हातारपण जड असतं, हे मान्य करून वर अदब मागितली आहे. उर्दूतला 'ज़ईफ़' हा शब्द म्हणूनच मला प्रामाणिक वाटतो. त्याचा अर्थ कमजोर. त्यात मोठेपणाचं सोंग नाही आणि टिंगलही नाही. कमजोर माणसाला हात द्यायचा असतो, एवढं त्यात आपोआप येतं. अर्थात हे माझं मत. अब्बांना ज़ईफ़ म्हटलेलं अजिबात चालत नाही. मध्ये एका तपासणीत नव्या डॉक्टरने पेपरवर 'एल्डरली मेल' लिहिलं. अब्बांनी विचारलं, काय लिहिलं? मी म्हटलं, बुजुर्ग लिहिलंय. तर म्हणाले, "बुजुर्ग म्हणतात आणि फी घेतात?"

वर्गातल्या त्या मुलीचं उत्तर अजून द्यायचं होतं. मी मुलांना सांगितलं, घरी आणि गल्लीत म्हाताऱ्या माणसांना जे जे म्हणतात ते सगळं लिहून आणा, चांगलं-वाईट काहीही, कोणी रागावणार नाही. फळा भरला. दादाजान, बडे अब्बा, नानी, आजा, बाबा, डोकरा, म्हातारं, बुड्ढा, खूसट, थेरडी, पिकलं पान, अंकल, सीनियर. मोबाइलवर पडीक असलेल्या एका पोराने 'बूमर' आणलं होतं. मग मी महत्तर, थेर, शेख, पीर असं एकेक मूळ समोर लिहीत गेले. शेख मंडळी खूश होती. त्या मुलीने निबंधातलं पहिलं वाक्य खोडून लिहिलं, "माझी दादी म्हातारी आहे." आणि मग स्वतःहून पुढे घातलं, "ती दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून आता सुईत दोरा ओवते."

शेवटी मी त्यांना एक इंग्रजी शब्द सांगितला, एजिझम. १९६९ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका चांगल्या वस्तीत म्हाताऱ्यांसाठी घरं द्यायचं ठरलं आणि तिथल्या लोकांनी विरोध केला. तेव्हा रॉबर्ट बटलर या डॉक्टरने म्हटलं की हा वर्णभेदासारखाच भेद आहे, आणि त्याला हे नाव दिलं. आपल्याकडे जातिभेद आहे, वर्णभेद आहे, लिंगभेद आहे. याला मराठीत रुळलेला शब्दच नाही. मी फळ्यावर 'वयभेद' लिहिलं आणि विचारलं, चालेल का?

मागच्या बाकावरचा एक शेख उभा राहिला. "टीचर, मोठी माणसं आम्हाला म्हणतात, लहान आहेस, गप्प बस. तो पण वयभेदच ना?"

मी हो म्हटलं. शुक्रवार होता, जुम्याची सुट्टी झाली आणि सगळे दप्तरं उचलून पळाले.